शंभर जणींशी बोलला, डेट एकही झाली नाही, तरी भीती गेली: एका एकोणीस वर्षांच्या मुलाची केस

"थोडा कॉन्फिडन्स आला ना की मग करेन" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं असतं, इंग्लिशमधून बोलायचं असो, स्टेजवर जायचं असो, पगारवाढ मागायची असो नाहीतर नुसतं दुकानदाराला "हे बदलून द्या" म्हणायचं असो. ऐकायला एकदम समजूतदार वाटतं. अडचण एवढीच की तो कॉन्फिडन्स येणार कुठून हे त्यात कुठंच नसतं, जणू तो पोस्टाने यायचाय आणि आपण दारात वाट बघत उभे आहोत. या वाक्याची पार उलटतपासणी करणारी एक जुनी केस आहे. मानसशास्त्र शिकणाऱ्यांना ती तोंडपाठ असते, पण बाहेर ती "बघा कसला डेअरिंगबाज होता" अशा किश्श्याच्या रूपात फिरते आणि त्यातला खरा माल वाटेतच सांडतो. म्हणून ती जरा सविस्तर लिहितेय.

केस अल्बर्ट एलिसची. पुढे जगभर नाव झालेला मानसोपचारतज्ज्ञ, 1982 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना विचारलं गेलं की या क्षेत्रावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा, तेव्हा पहिला नंबर कार्ल रॉजर्सचा आला, दुसरा एलिसचा, आणि फ्रॉइडसाहेब तिसरे. पण आपल्याला तो एलिस नकोय. आपल्याला हवाय 1933 च्या उन्हाळ्यातला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणारा, बिझनेसची डिग्री करत असलेला, मुलींशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडणारा एकोणीस वर्षांचा पोरगा.

घरची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. जन्म 27 सप्टेंबर 1913, पिट्सबर्गला, लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील फिरतीवर धंदा करणारे, घरात कमीच. आई स्वतःच्याच विश्वात. तीन भावंडांत हा थोरला, त्यामुळे स्वतः अलार्मचं घड्याळ घेऊन, उठून धाकट्यांना शाळेसाठी तयार करणं वगैरे हाच करायचा. त्यात मूत्रपिंडाचा आजार, पाच ते सात या वयात आठ वेळा हॉस्पिटल, त्यातली एक भरती तर कित्येक महिन्यांची, आणि भेटायला कुणी फारसं यायचं नाही. पुढे आईवडिलांचा घटस्फोट. आता इथं बरेच लेखक थांबतात आणि "बालपणीच्या या जखमांमुळेच..." म्हणून सुरू होतात. मला ते फार पटत नाही. एलिसला स्वतःलाही पटलं नव्हतं, आणि तिथूनच त्याची सगळी गंमत सुरू होते. भीती आली कुठून याचा शोध तो आयुष्यभर घेत बसला असता तर बहुतेक म्हातारपणी एक छान आत्मचरित्र झालं असतं आणि भीती जिथल्या तिथं राहिली असती.

तर प्रॉब्लेम काय होता ते नीट बघू, कारण "लाजाळू" म्हटलं की विषय संपल्यासारखा वाटतो. त्याच्या घराजवळ न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डन होतं, अडीचशे एकरांची प्रचंड बाग, आतून ब्राँक्स नदी वाहते, जागोजागी बाक. हा तिथं जायचा, एखादी मुलगी बाकावर एकटी बसलेली दिसायची, नजरानजर व्हायची, कधी कधी समोरूनही हसू यायचं, आणि हा नजर खाली घालून पुढं. मग रस्ताभर स्वतःला समजावणं, की आज ती वाचत होती, आज उशीर झाला, आज आपली तयारी नव्हती, ही आपल्या टाइपची नाही. आणि घरी पोचल्यावर तेच, "काय बावळट आहेस रे तू!"

या चक्रात कळीची गोष्ट म्हणजे नजर खाली घालून पुढं निघून गेल्यावर जो सुटकेचा निःश्वास पडतो तो. तोच घात करतो. कारण मेंदू काय शिकतो? की धोका होता आणि आपण पळालो म्हणून वाचलो. प्रत्यक्षात धोका होता की नव्हता हे तपासायची वेळच येत नाही, पुढच्या वेळी भीती तेवढीच किंवा कणभर जास्त. वरून स्वतःला शिव्या. म्हणजे एकाच प्रसंगातून दोन गोष्टी घट्ट होतात, एक "हे भयंकर आहे" आणि दुसरी "मी असाच आहे". सेल्फ-डाऊट म्हणून जे आपण म्हणतो ते बहुतेक वेळा या दुसऱ्या वाक्याचं नाव असतं, आणि ते रोज थोडं थोडं पिकत जातं. एकदम कुणालाच येत नाही.

हा मुलगा वाचायचा मात्र खूप. तत्त्वज्ञान वाचायचा, स्टोइक म्हणजे मनाच्या संयमावर भर देणारे जुने ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ वाचायचा, त्यातला एपिक्टेटस त्याचा खास लाडका, ज्याचं म्हणणं असं की माणसाला घटना त्रास देत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं. आणि त्याच्या वाचनात मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि मेरी कव्हर जोन्स यांचे प्रयोग आले होते. जोन्सबाईंनी 1924 साली पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध आहे, त्याला सशाची भीती, मग तो आवडीचं काहीतरी खात असताना ससा पिंजऱ्यात दूर ठेवायचा, दुसऱ्या वेळी थोडा जवळ, मग आणखी जवळ, शेवटी पोरगं सशाला हात लावायला लागलं. एलिसने विचार केला, तीन वर्षांच्या पोराला जमतं तर मला का नाही.

पहिला प्रयोग त्याने भाषणावर केला. तो तरुणांच्या एका राजकीय गटात होता, बोलायची वेळ आली की पोटात गोळा, त्यामुळे टाळाटाळ. त्याने ठरवलं की टाळायचं नाही, संधी मिळेल तिथं बोलायचं, त त प प झालं तरी बोलायचं. काही आठवड्यांत गोळा कमी झाला, आणि पुढे तर त्याला बोलायला आवडायला लागलं, इतकं की नंतर सत्तर वर्षं हा माणूस बोलायचा थांबला नाही. ही पायरी लोक किस्सा सांगताना गाळतात आणि मला वाटतं ती गाळू नये. बागेत तो गेला तेव्हा त्याच्याकडे मुलींशी बोलायचा आत्मविश्वास शून्य होता, पण "घाबरत घाबरत एखादी गोष्ट परत परत केली की घाबरणं उतरतं" याचा अनुभव एकदा घेतलेला होता. विश्वास होता तो पद्धतीवर. स्वतःवर नव्हता.

आता मुख्य प्रकरण. ऑगस्ट महिना, कॉलेजला सुट्टी. त्याने स्वतःला होमवर्क दिला. पाऊस नसेल त्या प्रत्येक दिवशी बागेत जायचं. एखादी बाई किंवा मुलगी बाकावर एकटी बसलेली दिसली की त्याच बाकावर जाऊन बसायचं, शेजारच्या नाही, समोरच्या नाही, त्याच. आणि बसल्यापासून एका मिनिटाच्या आत तोंड उघडायचं. काय बोलायचं याला नियम नाही. बोललं पाहिजे एवढंच.

हा एक मिनिटाचा नियम मला या केसमधला सगळ्यात हुशार भाग वाटतो. त्याने "धीट व्हायचं" असं ठरवलं नाही, "छान इंप्रेशन पाडायचं" असंही नाही, "एक तरी मैत्रीण मिळवायची" हे तर नाहीच. या तिन्हींपैकी एकही गोष्ट त्याच्या हातात नव्हती. बाकावर बसणं आणि साठ सेकंदांत एखादं वाक्य तोंडातून काढणं, एवढंच त्याच्या हातात होतं आणि तेवढंच त्याने मोजायचं ठरवलं. शिवाय वेळ इतका कमी ठेवला की मनाला वाटाघाटी करायला जागा नाही. ज्यांनी कधी महत्त्वाचा फोन लावायच्या आधी अर्धा तास मोबाईल हातात धरून चाळवाचाळव केली आहे त्यांना माहितीये, भीती वाढते ती त्या अर्ध्या तासात. फोन लागल्यावर नाही. आधीच. पीटरच्या सशापेक्षा हे वेगळं होतं, तिकडे अंतर हळूहळू कमी केलेलं, इकडे याने अंतर पहिल्याच दिवशी संपवून टाकलं. पुढे उपचार करतानाही तो याच मताचा राहिला, की जमत असेल तर हळूहळू करत बसू नका, थेट घ्या आणि भरपूर वेळा घ्या.

निकाल काय लागला? त्याने स्वतः आयुष्यभर सांगितलेला हिशोब असा: महिन्याभरात तो एकशे तीस जणींच्या बाकावर जाऊन बसला. तीस जणी तो बसताक्षणी उठून निघून गेल्या. उरल्या शंभर. तो मिश्कीलपणे म्हणायचा की बरं झालं, संशोधनाला राउंड फिगर मिळाली. त्या शंभरही जणींशी तो बोलला, पक्षी, फुलं, त्यांच्या हातातलं पुस्तक, विणकाम, जे सुचेल ते. शंभरातून एकीने भेटायचं कबूल केलं. आणि ती आलीच नाही.

म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत सांगायचं तर सक्सेस रेट शून्य टक्के. कुठल्याही मोटिव्हेशनल कार्यक्रमात ही केस सांगता येणार नाही, शेवटी ट्रॉफीच नाही! पण एलिसने बघितलं ते वेगळंच. त्याच्या लक्षात आलं की शंभर वेळा ज्याची भीती होती ते होऊनही काहीच झालं नाही. कुणी ओकलं नाही, कुणी किंचाळत पळालं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत, साधारण असंच तो सांगायचा. शंभर वेगवेगळे संवाद झाले, त्यातले काही चक्क छान झाले, नकार मिळाले आणि तो दुसऱ्या दिवशी परत बागेत आला. महिना संपेपर्यंत भीती गेलेली होती. पुढच्या शंभरात मग काही डेट्सही मिळाल्या म्हणे, पण खरं काम तोपर्यंत झालेलं होतं.

इथं थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. शंभर नकारांनी माणूस खचायला हवा ना? आपण तर एका नकारात आडवे होतो, एक इंटरव्ह्यू गेला की चार दिवस जेवण गोड लागत नाही. याला शंभर नकार मिळूनही उलटं कसं झालं?

माझ्या मते याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही एकत्रच लागतात. पहिलं उत्तर अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून मिळतं. त्याने 1977 मध्ये मांडलं की "मला हे जमेल" हा विश्वास माणसाला चार ठिकाणांहून मिळतो: स्वतः करून बघितल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघितल्याने, कुणी पाठीवर थाप मारल्याने, आणि त्या वेळी आपल्या शरीरात जे काय चाललेलं असतं, म्हणजे धडधड, घाम वगैरे, त्याचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. या चौघांत सगळ्यात भक्कम पहिलं. आपल्याकडे मात्र सगळा भर तिसऱ्यावर, "अरे तुला जमेल रे, तू हुशार आहेस", घरातले आठ जण म्हणतात आणि पोराच्या पोटातला गोळा तसाच. कारण बोललेलं एका कानाने ऐकून सोडता येतं, स्वतः केलेलं नाकारता येत नाही. एलिसच्या होमवर्कमध्ये काम काय होतं? बसणं आणि बोलणं. ते शंभरापैकी शंभर वेळा जमलं. ज्या परीक्षेत आपण त्याला शून्य देतोय ती परीक्षा त्याने दिलेलीच नव्हती.

आणि चौथं ठिकाणही काम करत होतं. पहिल्या काही बाकांवर त्याचं काळीज धडधडलं असणारच, पण विसाव्या, तिसाव्या बाकापर्यंत शरीरही कंटाळतं. भीतीला एवढा वेळ त्याच तारेवर टिकून राहता येत नाही, फक्त आपण मध्येच पळून गेलो नाही पाहिजे.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे आणि एलिसचं सगळं पुढचं आयुष्य त्यावर उभं आहे. त्याला भीती नकाराची नव्हतीच. भीती होती नकारातून जो निकाल निघेल त्याची. "ती नाही म्हणाली" हे एक वाक्य, "म्हणजे मी कुणाला आवडण्यासारखा नाहीच" हे दुसरं वाक्य, आणि या दोघांमधला पूल आपणच बांधलेला असतो. पहिल्या नकाराला तो पूल खरा वाटतो. चाळिसाव्या नकाराला जरा शंका येते, कारण एक बाई पुस्तक मिटून निघून गेली, दुसरी तासभर गप्पा मारून गेली, तिसरी नुसती हसली, आणि बाकावर बसणारा तर तोच होता! तोच मुलगा दहा मिनिटांत नालायक आणि लायक दोन्ही कसा होईल? मग नकार हा त्याच्याबद्दलचा निकाल नसून त्या बाईच्या त्या दुपारचा भाग असू शकतो, हे कुणी लेक्चर न देता कळतं.

1955 च्या सुमाराला त्याने आपली उपचारपद्धती मांडली तेव्हा हेच ए-बी-सीच्या साच्यात बसवलं. ए म्हणजे घडलेली घटना, सी म्हणजे मनात आणि वागण्यात झालेला परिणाम, आणि मधला बी म्हणजे आपली समजूत. आपल्याला वाटतं एमुळे सी झालं, पण गडबड बीमध्ये असते. आणि बीमधली वाक्यं बघितली तर ती बहुधा हट्टी असतात, "मला होकार मिळालाच पाहिजे", "माझं कधी चुकताच कामा नये", "लोकांनी मला मान दिलाच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी". होकार मिळाला तर बरं होईल, हे झालं साधं मागणं, त्याने कुणी आजारी पडत नाही. हट्ट झाला की आजारी पडतो.

इथून पुढे एलिस जे म्हणतो ते आत्मविश्वासावरच्या बहुतेक भाषणांच्या विरोधात जातं, आणि मला तोच भाग सगळ्यात पटतो. तो म्हणतो सेल्फ-एस्टीम वाढवायच्या मागे लागूच नका, तो सापळा आहे. कारण जमलं म्हणून मी भारी असं एकदा मान्य केलं की नाही जमलं म्हणून मी फालतू हे पण आपोआप मान्य होतं, त्याच तराजूची दुसरी बाजू. मार्क द्यायचेच असतील तर कामाला द्या, भाषण वाईट झालं, पेपर बेकार गेला, पोळी करपली. आख्ख्या माणसाला मार्क देऊ नका. याला तो स्वतःचा बिनशर्त स्वीकार म्हणायचा. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारपाजारचे, नातेवाईक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका सगळे टक्के विचारतात आणि त्या टक्क्यावरून पोरगं कसं आहे ते ठरवून टाकतात, तिथं ही गोष्ट पचनी पडायला वेळ लागणार हे उघड आहे.

आता एक बाई म्हणून मला या केसबद्दल जे खटकतं ते पण लिहिते, कारण ते टाळून पुढं जाता येणार नाही. त्या एकशे तीस जणींना कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला याच्या होमवर्कमध्ये भाग घ्यायचाय का. दुपारी निवांत बागेत बसावं आणि कुणीतरी अनोळखी येऊन त्याच बाकावर टेकावं, हे आपल्यापैकी किती जणींना नकोसं होतं ते सांगायला नको. सारसबागेत किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आज कुणी हा प्रयोग करायला लागला तर पोलीस येतील आणि आलेच पाहिजेत. ज्या तीस जणी उठून गेल्या त्यांच्या मागे तो गेला नाही, त्यांना हिशोबातून सोडलं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण कुणी "एलिसने केलं होतं" म्हणून अनोळखी मुलींना गाठत सुटला तर त्याला ही केस कळलेली नाही. त्याला शिकायचं होतं ते नकार पचवणं. होकार उकळणं हा विषयच नव्हता.

दुसरी मर्यादा, हे सगळं त्याच्याच तोंडून आलेलं आहे, आणि एलिस गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता, शिव्या देत, विनोद करत. एका माणसाचा अनुभव, तोच डॉक्टर, तोच पेशंट. म्हणून ही केस पुरावा म्हणून वापरू नये. भीतीला सामोरं जाण्याने भीती उतरते याला पुढच्या संशोधनाचा भक्कम आधार आहे, आजच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचारात, तो उपचाराचा कणाच आहे, ती गोष्ट एलिसच्या बागेवर अवलंबून नाही. बाग फक्त आतलं यंत्र उघडून दाखवते.

पुढे तो आपल्या पेशंट्सना असलेच होमवर्क द्यायला लागला, त्यातले काही तर अतरंगी. लाज घालवायचे व्यायाम. केळ्याला दोरी बांधून कुत्र्यासारखं रस्त्यावरून ओढत न्या. मेट्रोत उभं राहून पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडा आणि तिथंच बसून राहा, उतरू नका. अट एवढीच की कुणाला त्रास होता कामा नये, कायदा मोडायचा नाही, नोकरी जाईल असं काही करायचं नाही. आता हा स्टेशनचा व्यायाम मुंबईच्या लोकलमध्ये केला तर काय होईल? दादरच्या आधी "दादर!" म्हणून ओरडलात तर चार जण "भाऊ उतरायचंय का, पुढं व्हा" म्हणतील आणि बाकीचे मोबाईलमधून मानही वर काढणार नाहीत. आणि तोच तर मुद्दा! आपल्याला वाटतं सगळ्या डब्याचं लक्ष आपल्याकडे आहे. कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच आणि सहकाऱ्यांनी याची मजेदार तपासणी केली होती, 2000 साली ती छापून आली. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा फोटो असलेला, त्या पोरांना लाजिरवाणा वाटणारा टीशर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज, निम्म्या लोकांनी तरी बघितलाच असेल. प्रत्यक्षात चौथाई लोकांच्याही जेमतेम लक्षात आला. "लोक काय म्हणतील" या आपल्या राष्ट्रीय चिंतेत लोकांना एवढी फुरसत आहे हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

महाराष्ट्राशी या केसचा संबंध जवळचा आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्याच्याकडून ही पद्धत शिकून घेतली आणि मराठीत ती रुजवली, म्हणून विवेकनिष्ठ मानसोपचार हे तिचं नाव आपल्याकडे सामान्य वाचकालाही ऐकून माहिती असतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेतही या विचारपद्धतीवर बरंच काम झालंय. त्यामुळे ब्राँक्सच्या बागेतली ही गोष्ट आपल्याकडे गडकरी रंगायतनच्या आसपासच्या लोकांनीही ऐकलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

मग बाक आणि बाग सोडून ही पद्धत कशी वापरायची? एक उदाहरण घेऊ, काल्पनिकच, पण असे हजारो सापडतील. समजा सोलापूरकडचा, मराठी मीडियमचा मुलगा, हिंजवडीत नोकरी, काम चोख, पण रोज सकाळच्या टीम मीटिंगमध्ये तोंडातून शब्द फुटत नाही. डोक्यात इंग्लिश वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. बोलायची वेळ आलीच तर कॅमेरा बंद, आधी लिहून ठेवलेलं वाचून काढायचं, "दॅट्स ऑल फ्रॉम माय साइड". हे जे कॅमेरा बंद ठेवणं, वाचून दाखवणं, वाक्य दहादा मनात घोळवणं, याला क्लार्क आणि वेल्स यांनी 1995 मधल्या त्यांच्या मांडणीत बचावाच्या युक्त्या म्हटलंय, आणि गोम अशी की या युक्त्यांमुळेच भीती टिकते. मीटिंग नीट पार पडली तरी मन म्हणतं, वाचून दाखवलं म्हणून वाचलास. शिवाय सगळं लक्ष स्वतःवर, आवाज कापतोय का, ग्रामर चुकलं का, त्यात समोरचा काय विचारतोय तेच ऐकू येत नाही.

या मुलाला "कॉन्फिडन्सने बोल" सांगून काही होणार नाही. एलिसच्या चालीने होमवर्क असा होईल: मीटिंग सुरू झाल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बोलायचं, न लिहिता. प्रश्न विचारला तरी चालेल, "हे परत सांगाल का" सुद्धा चालेल. एखादं वाक्य मुद्दाम चुकीच्या ग्रामरमध्ये टाकता आलं तर फारच छान, कारण चुकल्यावर नक्की काय होतं हेच तर बघायचंय. संध्याकाळी वहीत दोन गोष्टी लिहायच्या, काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. मॅनेजर "गुड पॉइंट" म्हणाला की नाही हे लिहायचं नाही, ते दुसऱ्याचं खातं. आणि कुणी खरंच हसलं तर? हसू शकतं, ऑफिसात तशी माणसं असतातच. तेव्हा बीमधलं वाक्य पकडायचं, "हसला म्हणजे मी यांच्यात बसायच्या लायकीचा नाही". याला पुरावा काय? आणि तो हसला म्हणून माझा कोड चालायचा थांबला का?

पहिले काही दिवस बरं वाटणार नाही, उलट जास्त वाईट वाटेल, कारण आतापर्यंत टाळल्यामुळे मिळणारी ती सुटका आता मिळत नाही. बहुतेक जण इथंच सोडतात आणि म्हणतात की आमच्यावर हे चालत नाही. शिवाय आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही. एलिसने महिनाभर, पाऊस नसलेला प्रत्येक दिवस, हे उगाच नाही केलं. आज बोललं आणि परत दहा दिवस गप्प बसलं तर मधल्या दहा दिवसांत मन सगळी जुनी कहाणी परत लिहून काढतं.

आणि एक, हे सगळं ठीकठाक झोप लागणाऱ्या, जेवणाऱ्या, कामावर जाणाऱ्या माणसासाठी आहे. घराबाहेरच पडवत नसेल, छातीत धडधडून मरतोय की काय असं वारंवार होत असेल, सतत उदास वाटून जगण्यातच रस उरला नसेल, कुणी मारझोड करणारं किंवा रोज अपमान करणारं घरात-ऑफिसात असेल, तर स्वतःच स्वतःला असे होमवर्क देत बसू नये. छळणाऱ्या बॉसपुढे भीती वाटणं यात बी चुकलेला नसतो, तिथं "ए", म्हणजे घडणारी घटनाच, बदलायला हवी. अशा वेळी तज्ज्ञाकडे जावं. आणि लगेच जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.